मिरीच्या तोंडातलं लोखंड

घोड्याच्या तोंडात घालायचं लोखंड आधी स्वतःच्या तोंडात घालून बघणारी बाई साऱ्या नेदरलँड्समध्ये एकच असेल, आणि ती माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली आहे. हे मी कौतुकाने सांगते आहे की तक्रारीने, ते माझं मलाही नीट ठरवता आलेलं नाही. आमचा संसार उइटहॉर्नमध्ये, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. इतकी वर्षं झाली तरी कधी त्यांच्या पाया पडावंसं वाटतं आणि कधी हात जोडून "ताई, आता पुरे" म्हणावंसं वाटतं. बरेचदा हे दोन्ही एकाच दुपारी वाटतं.

त्यांचं तत्त्व साधं आहे. "आपल्याला सोसलं तर दुसऱ्याला द्यावं," असं त्या म्हणतात आणि तसंच वागतात. आम्ही पुण्याहून इथे यायच्या आधी त्यांनीच आमच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. बघून ठेवलं म्हणजे त्या रिकाम्या घरात, हीटर बंद ठेवून, त्या सबंध दिवस खुर्ची टाकून बसल्या होत्या. तासातासाने खुर्ची सरकवत. आम्ही विमानतळावर उतरलो तेव्हा त्यांची मान एका बाजूला आखडलेली होती आणि स्वागताचं पहिलं वाक्य होतं, "खिडकीच्या डाव्या अंगाला झोपू नका, तिथून वारा येतो." सासूबाई राहायला येणार म्हणून चाकांचा वॉकर आणला, तर शनिवारच्या बाजारात आठवडाभर आधी तो घेऊन ह्याच हिंडल्या. लोक अदबीने वाट सोडत होते, एका आजोबांनी तर हात धरून रस्ता ओलांडून दिला, आणि ह्यांनी तो ओलांडूही दिला. सासूबाई आल्यावर त्यांनी वॉकरला हातही लावला नाही, हे वेगळं. तो शेवटी बटाटे आणायच्या कामी आला.

इथल्या मुलांना पोहण्याची परीक्षा कपडे आणि बूट घालून द्यावी लागते, कारण गावोगाव कालवे आणि त्यात कधी कोण पडेल याचा नेम नाही. ताईंच्या मुलाची परीक्षा आली तेव्हा त्यांना घोर लागला की अंगावर भिजलेले कपडे घेऊन पोरगं तरंगणार कसं. मग काय, एका रविवारी बाईसाहेब पंजाबी ड्रेस, ओढणी आणि पायात बूट अशा थाटात तलावात उतरल्या. स्वतःला पोहता येतं की नाही हा विचार पाण्यात गेल्यावर सुचला. तिथल्या माणसाने लांब काठीच्या आकड्याने त्यांना काठाला ओढलं. बाहेर येऊन त्या ओढणी पिळत मुलाला म्हणाल्या, "जमण्यासारखं आहे. फक्त ओढणी घेऊ नकोस." तो सात-आठ वर्षांचा होता आणि शरमेने लाल झाला होता. तो मुलगा आता ग्रोनिंगनला शिकतो. तिथल्या खोलीसाठी आईने पांघरूण निवडायला घेतलं, की फोनवर इंग्रजीत सांगतो, "आय ऑलरेडी हॅव वन, आई." ताई मराठीत विचारतात, "ऊबदार आहे का? मी एकदा घेऊन बघू का?" मग तो म्हणतो, "इट्स फाइन."

मलाही ह्या प्रेमाचा प्रसाद मिळालेला आहे. मी सायकल शिकायचं ठरवलं तर माझी नवी सायकल आधी आठवडाभर त्यांनी चालवली. "आता एकदम रुळली बघ," म्हणून मला दिली. ताई माझ्या खांद्याला लागतात. सीट त्यांच्या उंचीला बेतलेली, ती पावसात गंजून तिथेच बसली, आणि पुढचा सबंध हिवाळा माझे गुडघे हँडलला आपटत राहिले. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी काही बोलले नाही. इतक्या जिवाने कुणी आपल्यासाठी काही केलं की ते आपल्याला बसत नाही हे सांगायचं कसं?

आता घोडी. नवऱ्याच्या नोकरीमागे ताई इथे आल्या त्याला खूप वर्षं झाली. सुरुवातीचा काळ त्यांनी खिडकीतून पाऊस बघण्यात काढला, मग एक जुनं दणकट शिलाई मशीन मिळवलं आणि कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. गावाबाहेर पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या सपाट कुरणांच्या मधोमध, एक तबेला आहे. त्याच्या मालकीणबाई एकदा घोड्याचं फाटलं पांघरूण घेऊन आल्या. इथे पावसात घोड्यांना रेनकोटासारखी पांघरुणं घालतात. ताईंनी ते शिवलं, आणि मग अर्थातच स्वतःच्या अंगावर पांघरून, छातीवरचे बंद लावून, भर पावसात अंगणात उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंनी मला फोन केला की तुमच्या नणंदेला बरं आहे ना. बरं होतं. खांद्यावर शिवण काचते हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्या आत मऊ पट्टी लावायला बसल्या होत्या. मालकीणबाईंच्या घोड्यांच्या खांद्यांवरचे केस त्या वर्षी पहिल्यांदाच घासले गेले नाहीत. तेव्हापासून सगळी पांघरुणं ताईंकडेच येऊ लागली, आणि ती पोचवायला ताई तबेल्यात जाऊ लागल्या.

तिथे त्यांनी तो प्रकार पाहिला. अमेरिकेतल्या गुराख्यांचा खेळ आहे म्हणतात, पण आमच्या पोल्डरमध्येही त्याचं एक छोटं मंडळ आहे. वाळूच्या मैदानात तीन पिंपं त्रिकोणात उभी करायची. घोडा भरधाव येतो, पहिल्या पिंपाला वळसा घालतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि तीर सुटावा तसा सरळ परत. कमी वेळात जो येईल तो जिंकला, पिंप पडलं तर दंड. ताई पांघरूण हातात घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या आणि एक ठेंगणी, काळसर घोडी पिंपाला इतकं लगटून वळली, की ताईंच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. घोडीचं नाव पेपर, म्हणजे मिरपूड. घरी येईपर्यंत ताईंनी तिचं मिरी करून टाकलं होतं.

पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात. ताईंनी खोगिराला लावायला सुरुवात केली. पांघरुणांच्या शिवणकामाच्या बदल्यात त्या घोडेस्वारी शिकल्या, पडल्या, परत शिकल्या. त्यांच्या यजमानांनी एकदाच विचारलं, "हे कशासाठी?" ताई म्हणाल्या, "ती वळते तेव्हा मला कुठेतरी पोचल्यासारखं वाटतं." ते संगणकातले गृहस्थ, त्यांनी यावर विचार केला आणि हेल्मेट आणून दिलं. मिरीशी ताई मराठीतच बोलत. "चल गं", "हळू", "शहाणी माझी". मालकीणबाई डच, घोडी अमेरिकन वंशाची आणि कारभार सगळा मराठीत. दोन वर्षांत ताई मिरीवरून तिन्ही पिंपांना वळसा घालून येऊ लागल्या. पहिला नंबर वगैरे कधी आला नाही, पण त्या परत यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्या चेहऱ्यासाठी मी चिखल तुडवत कुंपणाशी जाऊन उभी राहत असे.

मग गेल्या शरदात त्या पडल्या. दुसऱ्या पिंपापाशी वाळू ओली होती, मिरीचा पाय सरकला आणि ताई कुंपणाच्या बाजूला जाऊन आदळल्या. मोडलं काही नाही. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या इथल्या घरच्या डॉक्टरने, दोन बोटं दाखवून किती म्हणून विचारलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. विश्रांती संपवून त्या परत खोगिरावर बसल्या, तर मिरी बिघडलेली. पहिल्या पिंपाला नीट वळायची, दुसरं पिंप जवळ आलं की मान झटकायची, तोंड वासायची आणि सरळच पळत सुटायची. आठवडे गेले तरी फरक पडेना. मालकीणबाई इथल्या पद्धतीप्रमाणे आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "जी घोडी वळत नाही ती मी ठेवू शकत नाही. वसंतात मंडळाची शर्यत आहे. तोवर सुधारली तर राहील, नाहीतर मी तिला विकेन." विकणार कुणाला, तर एका घोड्यांच्या दलालाला, आणि तो पुढे तिला कुठे पाठवेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. ताईंनी त्या दिवशी घरी येऊन कुकर लावला आणि डाळ घालायलाच विसरल्या. नुसतं पाणी शिजलं.

तबेल्यातल्या जाणकारांचं मत पडलं की बिट बदला. लगामाचा जो लोखंडी तुकडा घोड्याच्या तोंडात जिभेवर आडवा बसतो, तो बिट. त्याचे प्रकार किती असावेत! सांध्याचे, बिनसांध्याचे, जाड, बारीक, तांब्याचे, रबर चढवलेले, दोन्ही बाजूंना लांब दांड्या असलेले. ज्याला विचारावं तो आपलाच बिट किती गुणी हे सांगणार. आपल्याकडे बाळाच्या पोटदुखीवर जितके उपाय निघतात तितके. मालकीणबाईंनी खिळ्यांवर टांगलेला सारा संग्रह ताईंपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "निवड." ताईंनी कसा निवडला हे आता सांगायला नको.

पहिला प्रयोग जानेवारीत झाला. पहाटेपासून गोठलेलं सगळं, बिट खिळ्यावर रात्रभर टांगलेला. ताईंनी तो धुतला, पुसला आणि जिभेवर ठेवला. तो जिभेला चिकटला. पुढचं मला मालकीणबाईंनी सांगितलं, कारण ताईंना धड बोलता येत नव्हतं. त्यांनी थर्मासमधला कोमट चहा ओतून जीभ सोडवली. मी तर हसून हसून खाली बसले असते, पण ताई जीभ बाहेर काढून, डोळ्यांत पाणी आणून, बोबडं बोलत होत्या ते असं, "रोज सकाळी हे तिच्या तोंडात जातं. तिने कुणाला सांगायचं?" त्या दिवसापासून त्या बिट जाकिटाच्या आत, काखेत धरून गरम करतात आणि मगच मिरीच्या तोंडात घालतात. आता त्या तबेल्यात थंडीत आलेला कुणीही डावा हात अंगाशी दाबून धरूनच चालताना दिसतो.

मग प्रयोगशाळा आमच्या स्वयंपाकघरात आली, कारण लगाम खेचायला दुसरं माणूस लागतं. मला वाटतं, कुठल्याही भावजयीला असा योग आला नसेल. ताई स्टुलावर बसल्या. तोंडात बिट, तो घोड्याच्या मापाचा, त्यामुळे दोन्ही गालांबाहेर वीतभर आलेला. आणि दोन्ही पट्टे माझ्या हातात. माझा नवरा चहा टाकायला आत आला. आपली सख्खी बहीण तोंडात लगाम घेऊन बसली आहे आणि तो आपल्या बायकोच्या हातात आहे, हे त्याने दारातूनच पाहिलं. "मी चहा नंतर घेतो," म्हणाला आणि दार ओढून घेऊन गेला.

आधी मधे एक सांधा असलेला साधा बिट झाला. मी खेचलं की तो मधे दुमडायचा आणि त्याचं टोक टाळूला लागायचं. ताईंनी बिट काढून शेरा दिला, "अडकित्ता आहे हा." मग लांब दांड्यांचा आला. तबेल्यातल्या सगळ्यांनी तोच सांगितला होता, कडक आहे, घोडी मुकाट्याने वळेल. त्याला हनुवटीखाली एक साखळी असते. मी पट्टे जेमतेम आवळले असतील, इतके की वरणाच्या पातेल्यावरची झाकणी उचलावी. ताईंची मान झटकन खाली गेली. डोळे भरून आले. मी घाबरून पट्टे सोडले आणि "लागलं का ताई, लागलं का" करत त्यांच्या पुढ्यात बसले. इतक्या वर्षांत मनातल्या मनात मी हा लगाम किती वेळा खेचला असेल त्याची गणती नाही. पण त्या चामड्यातून त्यांचा जबडा थरथरलेला माझ्या बोटांना कळला, आणि पुन्हा काही माझा हात उचलेना. ताईंनी तोंड पुसलं. म्हणाल्या, "मी मान वाकवली ना गं लगेच? मला वळायचं होतं म्हणून नाही वाकवली. दुखलं म्हणून वाकवली." बराच वेळ त्या साखळी बोटांत घेऊन बसल्या होत्या. मग ती कागदात गुंडाळून त्यांनी पिशवीच्या तळाशी टाकली.

निवड झाली ती जाड, रबर चढवलेल्या बिटाची. तोंडात धरल्यावर ताईंचा चेहरा उजळला. "हा बघ! बाळाला दात येताना देतात ना चघळायला, तसा आहे. मी तर दिवसभर ठेवेन हा तोंडात." मीही खेचून पाहिलं, त्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने काखेत ऊब देऊन तो मिरीला घातला. मिरी आणखी बिघडली. आता दुसऱ्या पिंपाचीही वाट बघेना. तोंड मिटेचना, लाळ गळायला लागली, मान आभाळाकडे. ताई खाली उतरल्या आणि तिच्या मानेला मिठी मारून म्हणाल्या, "अगं, इतका मऊ आहे ना तो? मी बघितलाय ना!" मिरी अंग चोरून मागे सरली. ताईंना इतकं केविलवाणं झालेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलाला ग्रोनिंगनच्या गाडीत बसवून परतताना.

शेवटी मालकीणबाईंनी बिट बसवून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं. इथे त्याचेही तज्ज्ञ असतात. त्यांनी मिरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला, जीभ चाचपली, टाळू पाहिली, आणि ताईंना जवळ बोलावून दाखवलं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात वेगळे आणि दाढा वेगळ्या; मधे बराच भाग नुसती हिरडी असते, दातच नाहीत. बिट बसतो तो तिथे. शिवाय मिरीची जीभ जाड आणि टाळू खाली आलेली. त्या जाड रबराने तिचं तोंड गच्च भरून जायचं, गिळायलाही जागा उरायची नाही. ताई म्हणाल्या, "पण मी स्वतः तोंडात धरून बघितला होता. अजिबात लागत नव्हता." त्या बाई हसल्या नाहीत. शांतपणे त्यांनी विचारलं, "कशाने धरलात?" ताईंनी दातांकडे बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं.

येताना मी गाडी चालवत होते. ताई खिडकीबाहेर कालव्याकडे बघत होत्या. "मी दातांनी धरत होते," त्या म्हणाल्या, "तिला तिथे दातच नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सायकलीची सीट तुला खाली होत होती का गं?" मी रस्त्याकडेच बघत "नाही हो" म्हणाले. त्यांनी मान हलवली. "होत असणार. तू लंगडत होतीस." इतका जीव लावणाऱ्या माणसाला असं स्वतःकडे बघावं लागलेलं पाहवत नाही. मी म्हणाले, "ताई, पण दुसऱ्याला काय होत असेल ते बघायला तरी किती जण जातात?" त्या म्हणाल्या, "जाऊन मी परत माझ्याच घरी येत होते."

नवा बिट बारीक होता, दोन सांध्यांचा, जिभेला जागा राहावी म्हणून मधे किंचित बाक दिलेला. ताईंना तो मुळीच आवडला नसता. त्यांनी तो तोंडात घालून पाहिला नाही. मिरीने तो घेतला, जीभ हलवली आणि तोंड मिटलं. चालताना मान खाली, दुडक्या चालीत मान खाली, पहिल्या पिंपाला झोकात वळली. आणि दुसऱ्या पिंपाशी पुन्हा तेच, झटका, वासलेलं तोंड, सरळ धाव. शर्यत आता पुढच्याच रविवारी होती. बिट बसवणाऱ्या बाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी ताईंना थांबवलं आणि इथल्या माणसांना साधतं त्या सरळपणाने सांगितलं, "आता तिच्या तोंडात काही दोष नाही. दुसऱ्या पिंपाशी तुमच्या मुठी आवळतात. पायांनी तुम्ही तिला पळ म्हणता आणि हातांनी थांब म्हणता. ती कुणाचं ऐकेल?" ताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. तिथेच त्या पडल्या होत्या. त्यांना वाटत होतं मिरी घाबरली आहे.

त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. मोठ्याने "सोड, सोड" म्हणत त्या दुसऱ्या पिंपाकडे जायच्या, आणि मुठी आपोआप मिटायच्या. भीती अशी सांगून जात नसते. शुक्रवारी त्या मला म्हणाल्या, "रविवारी मी बसणार नाही. त्या पोस्टवाल्या बाईला सांगितलंय." तबेल्यात येणारी एक पोस्ट वाटणारी बाई आहे, उंच, अबोल, लगाम असा धरते की हातात पट्टे आहेत हे तिला आठवतं की नाही शंका यावी. मी म्हणाले, "अहो ताई, दोन वर्षं तुम्ही..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तिला राहायचंय गं इथे. माझ्या हाताने ती विकली जाईल." आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं. आयुष्यात प्रत्येक गोष्ट आधी आपण करून बघणाऱ्या ह्या बाईने, जे सगळ्यात जास्त हवं होतं ते दुसरीच्या हाती दिलं होतं, आणि तेही आपण होऊन.

रविवारी ऊन पडलं होतं, म्हणजे इथे जितपत पडतं तितपत. मंडळाची माणसं, कॉफी, चिखलाचे बूट, कुत्री. ताईंनी बिट जाकिटाच्या आत धरून गरम केला, पोस्टवाल्या बाईच्या हातात दिला आणि माझ्याशेजारी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मिरी आत आली. पहिलं पिंप झालं. दुसऱ्याकडे ती भरधाव निघाली तेव्हा माझं लक्ष घोडीकडे नव्हतं, ताईंच्या हातांकडे होतं. कुंपणाच्या फळीवर दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, पांढऱ्या पडलेल्या. पिंप जवळ आलं. पोस्टवाल्या बाईने हात पुढे केले, पट्टे सैल पडले. ताईंच्या मुठी उघडल्या. मिरी पिंपाला अंग लगटून, वाळू उडवत, मान खाली घालून वळली, जशी त्या पहिल्या दिवशी वळली होती. तिसरं पिंप कधी झालं ते मला दिसलंच नाही. मालकीणबाई लांबूनच ओरडल्या, "ती राहते!" टाळ्या पडल्या. ताईंनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. "किती छान पळाली ना गं," त्या म्हणाल्या, "माझ्याशिवाय."

मग त्या मागच्या बाजूला गेल्या, मी थोडं अंतर ठेवून गेले. पोस्टवाली बाई कॉफी प्यायला गेली होती. मिरी घामेजलेली, नाकपुड्या फुललेल्या. ताईंनी तिच्या तोंडातून बिट हलकेच काढला, पाण्याने धुतला, फळीवर ठेवला. अंगठ्याने तिच्या ओठाचा कोपरा पुसला. मग तिच्या डोळ्यांसमोर उभं राहून विचारलं, "दुखलं का गं?" मी कान देऊन होते, कारण ह्या प्रश्नापाठोपाठ त्यांचं स्वतःचं उत्तर यायचं हे मला ठाऊक होतं; इतक्या वर्षांत ते कधी चुकलेलं नव्हतं. ते आलं नाही. मिरीने मान झटकली, एक पाय बदलला, कुरणाकडे पाहिलं. ताई हात खाली सोडून उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत, आणि वाट बघत होत्या.